श्यांग आजींची पेटी

मृत्यूच्या सान्निध्यात माणूस अंतर्मुख होतो. मी श्यांग आजींच्या शवपेटीवर शर्टांना इस्त्री करतो.

चीनमधल्या आमच्या या डोंगरात साठी उलटली की म्हातारी माणसं आपापली पेटी करून घेतात आणि वर्षाकाठी तिला काळं रोगण देतात. आजींच्या घरात ती ठेवायला जागा एकच, मी भाड्याने घेतलेली खोली. लांब नाकाचा परदेशी मास्तर म्हणून नवा आलो, तेव्हा मी भिंतीला चिकटून झोपायचो. आता गावाला माझी नवलाई उरली नाही आणि मला पेटीची.

त्या धुक्याच्या दुपारी पेटीने आवंढा गिळला.

इस्त्री हातातच राहिली. जरा वेळाने पुन्हा तेच. आतून, सावकाश, कुणी तहानलेल्याने पाणी प्यावं तसा आवाज.

दारात आजी उभ्या होत्या. "ऐकलंस ना, नाकाड्या? मला वाटलं माझेच कान वाजतायत."

"उंदीर असेल, आजी."

"उंदीर कुरतडतो. ही बोलावतेय."

पेटी वाजली की ती मालकाला हाक मारते, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक. आजींनी जेवण सोडलं. शेवटच्या प्रवासासाठी शिवून ठेवलेले निळे कपडे चढवले, कापडी जोडे घातले आणि पेटीशेजारी येऊन बसल्या. पेटी घुटका घेई, आजी म्हणत, "आले गं." दर घुटक्याला त्या थोड्या कमी झाल्यासारख्या दिसत. मी पदवीधर माणूस, म्हणून झाकणाला कान लावला. लाकूड गार होतं. आत कुणीतरी सुस्कारा सोडला.

शेवटी आजी म्हणाल्या, "झाकण काढा. आत निजते. तिला तरी किती ताटकळत ठेवायचं?"

सून लानयिंग पांढरीफटक पडली. "अहो आई, आज दिवस चांगला नाही."

"मरणार मी, दिवस मी बघीन. उचल!"

आम्ही दोघांनी झाकण सरकवलं. आंबूस वास आला. आत मुळ्याच्या लोणच्याची मातीची बरणी होती. बाहेरची हवा आत जाऊ नये म्हणून तिच्या तोंडाभोवतीच्या पन्हाळीत पाणी होतं. आंबणाऱ्या लोणच्याचा एक बुडबुडा त्यातून वर आला. घुटुक.

"इथे गार राहतं हो," लानयिंग पुटपुटली. "मागे पेटीत मका भरला तेव्हा केवढं बोललात, म्हणून सांगितलं नाही."

"मी उपाशी मरत होते, तरी?"

"तेव्हा सांगितलं असतं तर आणखी बोलला असतात."

आजींनी बरणीचं झाकण उघडून वास घेतला. मग त्याच निळ्या कपड्यांत बसून त्यांनी भात मागितला, आणि वर लोणचं.

मुळा अजून कच्चा होता.