मागच्या सीटवरची आई

"पुढे बस ना गं, नेनाआई," आल्बेइरो म्हणाला. "मागे माणूस दिसलं की पोलीस थांबवतात."

"पायाला प्लास्टर आहे. पुढे कुठे ठेवू, तुझ्या डोक्यावर?"

नेना मागच्या सीटवर पाय पसरून बसली. मांडीवर आल्मोहाबानांची, म्हणजे चीजच्या छोट्या पावांची, गरम पिशवी होती, दवाखान्यातल्या नर्ससाठी. आज प्लास्टर निघणार होतं.

बोगोतात अ‍ॅपवरून गाडी बोलावणारा पुढेच बसतो, ड्रायव्हरचा मावसभाऊ असल्यासारखा. खाजगी गाडीत भाडं घ्यायला कायद्याची परवानगी नाही. अ‍ॅप मात्र खुशाल चालतं, आणि सापडतो तो ड्रायव्हर. आल्बेइरो एकदा सापडला होता. तेव्हा परवाना काही महिने गेला आणि तो दोन्ही वेळा नेनाकडे जेवला. पुन्हा सापडला तर परवाना रद्दच. म्हणून भाडं बसलं की तो आधी त्याचं नाव-आडनाव घोकायचा.

आज भाडं नव्हतं, अ‍ॅपही बंद होतं. तरी चौकात पोलिसाने हात केलाच.

"बाई कोण?"

"आई."

"सकाळपासून ही चौथी आई. तीही मागच्या सीटवर!" पोलिसाने दोघांची ओळखपत्रं घेतली. "तुझं दुसरं आडनाव आईचं असायला हवं. इथे जुळत नाही."

"जन्म दिला नाही, वाढवलाय," नेना मागून म्हणाली. "शेजारच्या खोलीत त्याची आई राहायची. संध्याकाळी येते म्हणून गेली, ती गेलीच. हा चार वर्षांचा. लाल स्वेटर, एक बाही उसवलेली. कागद कोण करतंय तेव्हा?"

पोलिसाने डोळे चोळले. तोही पहाटेपासून उभा असावा. त्याने ओळखपत्रं तळहाताखाली झाकली. "बरं, एवढंच सांग. आईचं नाव काय?"

"नेना."

"ओळखपत्रावरचं."

आल्बेइरोने आरशातून मागे पाहिलं. नेना बोलणार, तोच पोलिसाने तिला हाताने थांबवलं. चाळीस वर्षं पोरगा नेना म्हणत होता, गल्लीही नेनाच म्हणत होती. बँकेत खरं नाव पुकारलं की तिला स्वतःलाच क्षणभर कळायचं नाही.

"मारिया...?" आल्बेइरोने अंदाज मारून पाहिला.

"एर्सिलिया तिबादुइसा," पोलिसाने वाचलं आणि पावतीपुस्तक काढलं.

गाडी ओढून नेली. परवानाही गेला. दोघं फुटपाथच्या कडेला बसली, प्लास्टरचा पाय रस्त्याकडे.

"परक्यांची नावं घोकतोस मेल्या," नेना म्हणाली. रागवायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"तू कधी सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?"

तिने पिशवीतली एक आल्मोहाबाना त्याच्या हातात दिली. त्याने ती खाल्ली, पावती तिच्याकडे धरायला दिली आणि पिवळी टॅक्सी शोधायला उठला.

चष्मा घरीच राहिला होता. नेनाने कागद हातभर लांब धरला. ड्रायव्हर, आल्बेइरो पुलिदो. प्रवासी, एर्सिलिया तिबादुइसा. शाळेत, दवाखान्यात, चर्चमध्ये, इतक्या वर्षांत कुठल्याच कागदावर ही दोन नावं एकत्र आली नव्हती.

तिने पावतीची चौघडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

"दे ना ती," आल्बेइरो परत येऊन म्हणाला. "दंड भरताना दाखवावी लागेल."

"तुला झेरॉक्स देते," नेना म्हणाली. "हात दे आता, उठव मला."