लारूसीबरोबरचा दहावा डाव

स्फॅक्सच्या सांस्कृतिक भवनातला हॉल संध्याकाळी पाचलाच रिकामा होत आला होता. बुद्धिबळ स्पर्धेच्या शेवटच्या फेरीतला एकच डाव उरला होता, खमैस आणि लारूसीचा.

पोस्टाच्या खिडकीत तीस वर्षं उभ्याने काढलेला खमैस आता बसूनही दमायला लागला होता. या लारूसीकडून तो नऊ वेळा हरला होता. नऊच्या नऊ! सकाळी घरून निघताना त्याची बायको झोहरा म्हणालीच होती, "आज तरी त्या माणसाला हरवून या. नाहीतर तो पट द्या भंगारात. रविवारी निदान घरातले नळ तरी दुरुस्त होतील."

आणि आज खमैसची दोन प्यादी जास्त होती. त्यातलं एक तर वजीर व्हायला दोनच घरं दूर. शेंबड्या पोरानेही जिंकावा असा डाव. पण गेल्या वर्षी मोनास्तीरला तो असाच जिंकत आला होता आणि राजाऐवजी चुकून हत्तीला हात लागला. हात लागला तो मोहरा हलवावाच लागतो; तिथेच त्याने माती खाल्ली. तेव्हापासून तो ताकही फुंकून प्यायचा. आता चौथा तास चालू होता, पटावरची घरं एकमेकांत मिसळायला लागली होती. पुरे झालं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. पुन्हा हरणं तर नकोच नको.

त्याने हत्ती सरकवला. "लारूसीसाहेब, बरोबरी करायची का?" म्हणाला आणि घड्याळ दाबलं.

लारूसीने मान वर केली. "खरंच म्हणतोयस?"

"खरंच. दमलो हो आता."

लारूसीने झटकन हात पुढे केला. मग रीतीप्रमाणे दोघांनी चाली लिहिलेले कागद सहीसाठी एकमेकांना दिले.

लारूसीच्या कागदावर, निकालाच्या जागी, 'पांढरा विजयी' असं लिहून त्यावर रेघ मारलेली होती. शेजारी घाईघाईत 'बरोबरी'. पांढरे मोहरे खमैसचे होते.

"हे कधी लिहिलंत?"

"तू विचार करत होतास तेव्हाच." लारूसी जरा ओशाळला. "तुझी चाल झाली की डाव सोडणार होतो. मला काय ठाऊक, तू असा दानशूर निघशील!"

खमैसला हसू आलं नाही. खमैस जिंकणार याची खात्री असलेला एकच माणूस या हॉलमध्ये होता, आणि तो समोरच्या खुर्चीत बसला होता. खमैसने त्या खोडलेल्या शब्दांखाली सही केली.