शेंदराखालचा बाण

“रघू, बाणासमोर बाण आला का ते आधी बघ. मगच पाना उचल.”

मित्रांनो, हा आवाज नाना मिस्त्रींचा. माझ्या पोटाखाली उताणं पडून ते बोलायचे, म्हणून तो मला सगळ्या आवाजांहून जवळचा. मी एक जुनी व्हॅन. माझा सांगाडा लढाईतल्या लष्करी गाडीचा. लढाई संपल्यावर नानांनी गिरगावातल्या आपल्या गॅरेजात मला लाकडी पाठ दिली, आत दोन बाकं बसवली, खिडक्यांना पडदे लावले आणि परळच्या एका प्रसूतिगृहाच्या दारात आणून उभं केलं. काळाचौकी, लालबाग, शिवडीच्या चाळींतून दिवस भरलेल्या बायकांना आणायचं आणि बाळासकट घरी पोचवायचं, हा माझा नेम. मुख्य परिचारिका दुर्गाबाई रोज सकाळी माझ्या कपाळावर एक जास्वंद ठेवत. चाळीतली पोरं मला “बाळगाडी” म्हणत. ते नाव मला फार आवडायचं.

माझ्या पोटाखाली एक लांब पोलादी दांडा आहे. इंजिनाची ताकद तो मागच्या चाकांना पोचवतो. गॅरेजात त्याला शाफ्ट म्हणतात. त्याचे दोन भाग एकमेकांत सरकवून बसवतात आणि दोन्ही भागांवर एकेक बारीक बाण कोरलेला असतो. बाणासमोर बाण आला, की दांडा सुरळीत फिरतो. चुकला, की सबंध गाडीला कंप सुटतो.

मग एका वर्षी नाना कायमचे गावी गेले. मुंबईत तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, मोर्चे, घोषणा. रोज काहीतरी बंद. खंडेनवमीला माझा ड्रायव्हर रघू याने एकट्यानेच शाफ्ट काढला. दोन्ही भाग घासले, पुसले, पाटावर मांडले आणि भक्तिभावाने शेंदूर लिंपला. अगदी जाड. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला त्याने तो पुन्हा चढवला.

तेव्हापासून मी थरथरू लागले.

हळू चालताना फारसं जाणवायचं नाही. वेग घेतला, की बाकं खडखडायची, पडद्यांच्या कड्या वाजायच्या. रघूने चाकं बदलून पाहिली. इंजिनाचे बोल्ट आवळले. मला कुठे दुखतंय ते मला ठाऊक होतं. पण मित्रांनो, आम्हां गाड्यांना बोलता येत नाही. थरथरणं हेच आमचं बोलणं.

काळाचौकीची अंबिका तपासणीला आली, तेव्हा ती माझ्या दारापाशी थबकली. पहिल्या खेपेला गाडी मिळाली नव्हती, म्हणून तिला हातगाडीवरून आणलं होतं. बाळ वाटेतच गेलं.

“रघुदादा, या खेपेला येशीलच ना रे?”

“हाक मार गो. येतंय म्हणजे येतंय.”

तिचे दिवस भरत आले आणि नेमका दुसऱ्याच दिवसाचा हरताळ जाहीर झाला. ट्राम नाही, बस नाही, टॅक्सी नाही. व्यवस्थापक अच्युतराव अंगणात आले. माझं दार नुसतं हाताने हलवलं, तरी बिजागरी खुळखुळली.

“रघू, संध्याकाळपर्यंत ही थरथर गेली नाही, तर किल्ली माझ्याकडे दे.”

“पण साहेब, मी शब्द दिलाय.”

“शब्द मलाही कळतो. भर रस्त्यात शाफ्ट तुटून पडला, तर उद्या मदतीला कोण येणार? त्या बाईला पुन्हा हातगाडीवर घालायचं?”

दुर्गाबाई पदर खोचून माझ्यात येऊन बसल्या. “चल, शिवडीच्या सरळ रस्त्याला ने. चार कान दोनांपेक्षा बरे.”

गोदामांच्या रस्त्यावर रघूने वेग वाढवला. मी थरथरले. समोरच्या फळीवरची दुर्गाबाईंची कुंकवाची डबी नाचत नाचत खाली पडली.

“इंजिनच असणार,” रघू म्हणाला आणि त्याने धावत्या गाडीचा गिअर काढला. इंजिनाचा आवाज खाली बसला. मी नुसत्या ओघाने पुढे जात राहिले.

“अरे, इंजिन तर आता निवांत आहे,” दुर्गाबाई म्हणाल्या, “मग माझे दात का वाजतायत?”

रघू बोटांवर मोजू लागला. “चाकं बदलून झाली... इंजिन नाही... म्हणजे मधलंच काहीतरी. बाई, शाफ्ट!”

अंगणात परतलो तेव्हा उन्हं कलत होती. रघू माझ्याखाली शिरला. लाल थराखाली काहीच दिसेना. रॉकेलचा बोळा घेऊन तो घासू लागला. शेंदूर विरघळून त्याच्या मनगटावर ओघळला. एका भागावरचा बाण दिसला. दुसरा दिसेना. तो हाताने चाचपत गेला आणि थांबला. दुसरा बाण भलतीकडेच तोंड करून बसला होता.

“बाई, मीच केलं हे,” तो खालूनच म्हणाला. “देवाचं म्हणून लिंपलं, आणि नानांची खूणच बुजवली.”

दुर्गाबाईंचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. “मारुतीला आपण नखशिखांत शेंदूर लावतो, रघू. पण डोळे मोकळे ठेवतो ना? हे बाण हिचे डोळे.”

त्याने मागचे बोल्ट काढले, शाफ्ट उतरवला, दोन्ही भाग वेगळे केले. कंदील धरायला अच्युतराव स्वतः खाली वाकले. त्यांच्या धोतराला तेल लागलं.

“आला का रे बाणासमोर बाण?”

“आला साहेब.”

“पुन्हा बघ.”

रघूने पुन्हा पाहिलं. मगच पाना उचलला. आम्ही पुन्हा शिवडीच्या रस्त्याला गेलो. वेग वाढला. रघूने श्वास रोखला होता, मीही. कुंकवाची डबी जागची हलली नाही.

परत आल्यावर रघूने किल्ली पुढे केली. अच्युतरावांनी त्याची मूठ मिटवली. “तुझ्याकडेच असू दे.”

मित्रांनो, आम्हांला हार घाला, कुंकू लावा, आम्हांला आवडतं. पण आमच्या अंगावरच्या खुणा झाकू नका. आणि एखादी जुनी वस्तू कुरकुरली, तर चिडण्याआधी ती काय सांगते आहे तेवढं ऐका.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता अंबिकेचा नवरा शिवा धापा टाकत फाटकाशी आला. त्याच्या तोंडून शब्द फुटण्याआधीच दुर्गाबाईंनी जास्वंद माझ्या कपाळावर ठेवली आणि त्या आत चढल्या. रघूने खाली वाकून बाण पाहिले. हॉर्न न वाजवता त्याने मला फाटकाबाहेर काढलं आणि ओस रस्त्यावरून काळाचौकीकडे वळवलं.