कोपरा नसलेलं पत्र

पत्राला कोपरा नव्हता. बजाबाईला अक्षरओळख नव्हती, पण कोपरा फाटलेलं पत्र काय सांगतं, ते भवानी पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. माणूस गेला, पत्र उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही.

तिचा एकुलता एक धोंडीराम गिरणीत फिटर होता. विमानं दुरुस्त करायला म्हणून इंग्रजांच्या हवाई दलात गेला, आणि वायव्य सरहद्दीच्या लढाईत तो बसलेलं विमान खाली पडून पठाणांच्या हाती सापडला. एवढं सरकारी तारेनं कळलं होतं, पुढचं या कोपऱ्यानं कळलं. पोस्टमन बसलिंगप्पा वाचायला लागला, तर बजाबाईनं त्याच्या हातातून पत्र ओढून बाहेरच्या न्हाणीच्या चुलीत घातलं. पोरगा कसा मेला, हे कुठल्या आईला ऐकवतं?

“एकदा वाचू तर द्या,” सून सोजर म्हणत राहिली. तिचं कोण ऐकतो? तिचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, तेरावंही उरकलं.

दोन महिन्यांनी बसलिंगप्पा पुन्हा दारात. तसंच पत्र, तसाच कोपरा गायब.

बजाबाईचं डोकंच चालेना. एक माणूस दोनदा कसा मरेल? का मागचं पत्र दुसऱ्या कुणाचं होतं? आता आंघोळ करायची तर कुणाच्या नावानं? काहीच सुचेना, तेव्हा सवयीनं तिनं हात पुढं केला. सोजरनं तो मनगटाशी धरला.

“आत्याबाई, आता माझ्याकडं फोडायला काय राह्यलंय? वाचू द्या.”

बसलिंगप्पानं गल्लीत उभ्या उभ्याच वाचलं.

“तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. मी कैदेत खुशाल आहे. दोन वेळा भाकर मिळते. इथला मुनशी पत्राच्या कोपऱ्यात जागेचं नाव लिहितो, तेवढं आपलं सरकार कात्रीनं कापून घेतं, असं तोच म्हणतो. कोपरा नसला तरी मी आहे, हे मागच्या पत्रात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. त्याचं उत्तर का नाही?”

बजाबाई खालीच बसली. हसावं का रडावं, कळेना. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, आणि ती ओळ तिनं आपल्या हातानं जाळली होती.

“हे कवा लिवलंय?” तिनं विचारलं.

“म्हैना झाला की, मावशी.”

“मग आज त्यो हाय का न्हाय?”

बसलिंगप्पा पिशवी सावरत पुढच्या घराकडं गेला.

बजाबाई उठली. चिमूटभर कणकेची खळ केली, पुडीचा कागद फाडून पत्राला नवा कोपरा चिकटवला आणि मगच ते घरात नेलं. देव्हाऱ्यात ठेवलं. बाहेर येऊन, खाली बघत सुनेला म्हणाली, “कासाराला बोलीव.”

सोजरनं आपले मोकळे हात पदराखाली घेतले.

“बोलीवते. बांगड्या बी भरते, आत्याबाई. पण फुडलं पत्र कसं बी येऊ द्या, आदी वाचायचं.”

“व्हय,” बजाबाई म्हणाली.