कड्याचा प्रताप

माझ्या गॅरेजसमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. दाजींची चेपलेली व्हॅन बघायला अख्खी वस्ती लोटली होती. समोरासमोर धडक, बोनेटचा चुरा आणि दाजी मात्र धडधाकट. स्टिअरिंगचा दांडा छातीत घुसायचा, तो उलट आत सरकला होता.

"लोखंडानं माघार घेतली," वस्तीतले मांत्रिक बाबा व्हॅनच्या टपावर हात ठेवून सांगत होते. "माझा मंतरलेला दोरा बघून घेतली." लगेच पिशवीतून लोखंडी कडी निघाली. दांड्यावर आवळायची आणि वरून वेल्डिंग मारायचं. म्हणजे दैवी शक्तीलाही वेल्डर लागतो. पण कडी घ्यायला रांग लागली.

चौथ्या दिवशी ताई दाजींची नवी व्हॅन घेऊन आली. कडं बसवूनच आणलं होतं.

"ताई, हे कडं दाजींच्या जिवावर उठेल," मी म्हणाले.

"बाबांनी वाचवलंय त्यांना. तुझी अक्कल दुसरीकडे पाजळ."

आता हिच्यापुढे कुठे डोकं फोडायचं? मी भंगारातून एकाच बनावटीचे दोन दांडे आणले आणि एकावर बाबांचं कडं वेल्ड केलं. कड्यांची रांग बाहेर होतीच, तिलाही बाबांसकट आत बोलावलं.

"हा दांडा म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन नळ्या," मी दाखवलं. "मध्ये प्लास्टिकच्या खिळ्या. धडक बसली की खिळ्या तुटतात, नळी नळीत सरकते आणि छातीवरचा मार कमी होतो. त्या मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या असतात."

मग बेअरिंग बसवायच्या प्रेसखाली साधा दांडा उभा केला आणि छातीच्या जागी एक वीट ठेवली. दाब दिला. खिळ्या तुटल्या, दांडा आत गेला, वीट शाबूत राहिली. कड्याचा दांडा मात्र तसूभर हलला नाही. विटेचे दोन तुकडे झाले.

"हिची श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले.

"श्रद्धा वेल्डिंग करून पक्की केलीय की, बाबा. म्हणून तर वीट फुटली."

कोणी हसलं नाही. ताई त्या तुकड्यांकडे बघत होती. मग तिने शांतपणे विचारलं, "बाबा, तुमच्या गाडीला आहे का कडं?"

बाबांनी पिशवी आवरायला घेतली.

ताईने ग्राइंडर माझ्या हातात ठेवला. "काप," ती म्हणाली. "आधी आमचं, मग रांगेतल्या सगळ्यांचं."

दाजींना सीटबेल्टच्या पट्ट्याने वाचवलं, त्या कच्च्या खिळ्यांनी वाचवलं. हात जोडायचेच असतील तर ज्याने त्या खिळ्या किती कच्च्या ठेवायच्या याचा हिशेब मांडला, त्याला जोडा. तो कोण, कुठला, आपल्याला ठाऊक नाही. पण आपली छाती कशी वाचेल याचा त्याने विचार केला होता. निदान तेवढा तरी आपण करू या.