एका खोक्यातले दोन पंप

मुलगी लग्न होऊन सासरी गेली, त्या वर्षीच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. घरात माणसं उरली तीन. खाली वर्कशॉपमध्ये गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करणारे मिस्त्री, त्याच छपराखाली स्वतःची गाडी उघडून बसलेला त्यांचा मुलगा, आणि वरच्या पत्र्याच्या खोलीत मिस्त्रींची बायको. तिला सगळी गल्ली काकू म्हणायची. मुलगा लहानपणापासून एका जागी ठरत नसे, म्हणून काकूंनी त्याला भोवरा म्हणायला सुरुवात केली. आता तो तिशीला टेकला होता, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

काकूंची छाती कामातून गेली होती. मिस्त्रींनी उभं आयुष्य खाली अॅसिडने रेडिएटरच्या जाळ्या धुतल्या, कथलाचा डाख दिला, आणि तो धूर वरच्या खोलीच्या फळ्यांच्या फटींतून वर जात राहिला. गंमत अशी, की धुरात उभे राहणारे मिस्त्री ठणठणीत आणि धुरावर झोपणाऱ्या काकूंना जिना चढला की भिंत धरावी लागे. मिस्त्रींना हे माहीत होतं. काकूंनाही माहीत होतं. दोघांनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

मुलीच्या लग्नानंतर डॉक्टरांनी मिस्त्रींना बाहेर बोलावून सांगितलं, "औषध मी देईन, पण हवा मी कुठून देऊ? त्यांना थंड जागी न्या. या पत्र्याखाली आणखी एक उन्हाळा त्यांना झेपायचा नाही."

थंड जागा काय बाजारात मिळते? पण भोवऱ्याने ती शोधली. शर्यतीच्या गाड्या बांधणारा एक संघ होता, त्यांचं वर्कशॉप वर डोंगरावर होतं. तिथे उन्हाळ्यातसुद्धा रात्री पांघरूण लागतं म्हणे. कामावरच्या माणसांना राहायला घरं होती. त्यांच्या मॅनेजरने भोवऱ्याची गाडी पाहिली, बॉनेट उघडून बराच वेळ आत वाकून राहिला आणि म्हणाला, "हात चांगला आहे तुझा. उन्हाळी शर्यतीत अंतिम फेरी गाठ, पुढच्या महिन्यापासून आमच्याकडे ये. आईवडिलांनाही आण."

तेव्हापासून त्या गाडीत शर्यत कमी आणि काकूंचा श्वास जास्त होता.

गाडी जुनी, लहान, दिसायला गरीब. पण इंजिनावर भोवऱ्याने टर्बो चढवला होता. टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात कोंबणारा पंखा. आता हवा दाबली की ती तापणार. तापलेली हवा विरळ, तिने इंजिनाचं पोट भरत नाही. वर इंजिन आतून ठोकायला लागतं, आणि ते फुटू नये म्हणून गाडीतला कॉम्प्युटर आपणहून ताकद कापतो. त्यामुळे व्हायचं काय, की पहिली धाव झकास, दुसरी बरी, आणि तिसऱ्या धावेला गाडी म्हातारी. अंतिम फेरी गाठायची तर एका दुपारी चार धावा लागणार होत्या.

भोवऱ्याने आधी हवेचं तोंड इंजिनाजवळून काढून पुढे बंपरमागे नेलं. मग तापणाऱ्या नळ्यांना चंदेरी पट्टी गुंडाळली. काकू वरच्या खिडकीतून बघत असत.

"अरे, बिचारीला शाल पण पांघर. सर्दी होईल!"

"आई, तू बघच. तुला पण शाल लागेल तिकडे वर."

"मला आणखी वर नको पाठवूस इतक्यात," काकू म्हणायच्या, आणि हसताना खोकला आला की खिडकीतून आत सरकायच्या.

मग मिस्त्रींनी समोर लावायला जाळी करून दिली. टर्बोतून निघालेली गरम हवा जाळीच्या नळ्यांतून जाणार, बाहेरचा वारा त्या नळ्या थंड करणार. काम असं सुबक झालं की मिस्त्रींनी ती जाळी संध्याकाळपर्यंत पुसत ठेवली. पण चाचणीत इंजिनात जाणाऱ्या हवेच्या तापमानाचा आकडा साठाच्या खाली उतरेना.

"जाळीत काही चूक आहे का बाबा?"

"जाळीत चूक नाही, उन्हात आहे," मिस्त्री म्हणाले. "बाहेर त्रेचाळीस. बाहेरच्या वाऱ्याहून थंड हवा माझी जाळी कुठून आणणार? उसनं मागायचं तर शेजाऱ्याकडे तरी असायला हवं."

शेवटी ठरलं की वाऱ्याचा भरवसाच सोडायचा. हवेची नळी एका बंद टाकीतून न्यायची आणि त्या टाकीत छोट्या पंपाने बर्फाचं पाणी फिरवायचं. भोवऱ्याने पंप आणायला सांगितला तेव्हा मिस्त्रींनी पंपवाल्याच्या दुकानातून एका खोक्यात आलेले दोन्ही पंप आणले.

"दुसरा कशाला?"

"आहे काम," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी वरच्या खिडकीत एक जुना रेडिएटर उभा केला, मागे पंखा लावला, खाली टबात बर्फाचं पाणी ठेवलं आणि दुसऱ्या पंपाने ते पाणी रेडिएटरमधून फिरवलं. पंखा लावताच खोलीत गार झुळूक आली. काकूंनी खुर्ची ओढून त्याच्यासमोर ठेवली आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षं लोकांच्या गाड्या गार केल्यात, आज घरचा नंबर लागला."

 मिस्त्री टबातला बर्फ हलवत बसले.

गाडीचा आकडाही उतरला. चाचणीत लागोपाठ चार धावांना चाळीसच्या आत राहिला. भोवऱ्याने आईला मिठी मारायला जिना दोन उड्यांत चढला. ते तीन-चार दिवस त्या घरातले बरे दिवस.

शर्यत रविवारी होती. शनिवारी संध्याकाळी गाडीचा पंप गुरगुरला आणि अडकला. मिस्त्रींनी तो उघडला. आत पात्यांमध्ये अॅल्युमिनियमचे बारीक कण रुतले होते. नव्या टाकीतले. टाकी बंद करण्याआधी दोनदा धुवायची, हे मिस्त्री हाताखालच्या प्रत्येकाला सांगत आले होते. या वेळी घाईत त्यांनी ती एकदाच धुतली होती. पात्याचा तुकडा पडला होता, पंप दुरुस्त होण्यातला नव्हता. पंपवाल्याचं दुकान आता थेट सोमवारी उघडणार होतं.

दोघं खाली उभे राहिले. वर दुसरा पंप गुणगुणत होता. दोघांनाही ऐकू येत होता. दोघंही वर बघत नव्हते.

"नाही," मिस्त्री म्हणाले.

"मी कुठे काही म्हटलं?" भोवरा म्हणाला.

"म्हणू पण नकोस."

फळ्यांना फटी होत्या. धूर वर जायचा तसं बोलणंही वर जायचं.

"घेऊन जा रे!" काकूंनी वरून हाक दिली. "अहो, तुम्ही तोंड पाडून उभे राहू नका. सोडवा तो पंप."

मिस्त्री वर गेले. "अगं, उद्याचा दिवस कडक आहे. डॉक्टर काय म्हणाले ते विसरलीस?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे. मला काय शर्यत लावायची आहे? पडूनच राहायचं. शिंपीणबाई आहेत शेजारी, त्या बसतील माझ्याजवळ. आणि गाडी जिंकली तर या पत्र्याचं पुन्हा तोंड बघायचं नाही ना?"

"आणि नाही जिंकली तर?"

"तर पंप परत लावा. त्याला काय पाय फुटणार आहेत?"

मिस्त्रींनी पाना घेतला. ज्या हातांनी बोल्ट आवळले त्याच हातांनी सोडवले. खाली येऊन त्यांनी गाडीची टाकी तीन वेळा धुतली. वरातीमागून घोडं.

शर्यत विमानांच्या जुन्या, बंद पडलेल्या धावपट्टीवर होती. एका वेळी दोन गाड्या सुटायच्या, हरेल ती बाहेर. सकाळपासून डांबर वितळत होतं. पहिल्या दोन धावा भोवऱ्याने सहज घेतल्या. मॅनेजर रांगेजवळून गेला तेव्हा त्याने मिस्त्रींकडे पाहून अंगठा वर केला. मिस्त्रींना वाटलं, चला, देवाने एकदा तरी आपला पत्ता विचारला.

तिसऱ्या धावेच्या आधी कुणाच्या तरी गाडीने पट्टीवर तेल सांडलं. ते साफ होईपर्यंत सगळ्या गाड्या उन्हात रांगेत उभ्या. उभी गाडी पळत्या गाडीपेक्षा वाईट तापते, कारण वारा नसतो आणि इंजिनाची उष्णता जागच्या जागी मुरत जाते. टाकीतला बर्फ विरघळला. पाणी कोमट झालं. भोवऱ्याने आकडा वाचला, "बावन्न."

"पंप बंद कर. मी बर्फ बदलतो," मिस्त्री म्हणाले. सरबतवाल्याकडून त्यांनी बर्फाचा तुकडा मागून आणला, टाकीचं बूच काढलं आणि कोमट पाणी खाली सोडलं. तेवढ्यात रांगेच्या तोंडाशी निशाणवाल्याने जोरात हात हलवला. पट्टी मोकळी झाली होती, या, लवकर या! मागच्या गाड्यांनी भोंगे लावले. मिस्त्री पोतं शोधायला पाठमोरे वळले होते. पोत्यात घालून बर्फ फोडायचा होता. त्यांच्या मागे बॉनेट आदळलं. ते शेजारच्या माणसाने मदत म्हणून बंद केलं होतं. भोवऱ्याला वाटलं, बाबांचं झालं. त्याने हेल्मेट चढवलं, पंपाचं बटण दाबलं आणि गाडी पुढे घेतली.

"अरे थांब! पाणी नाही आत! बंद कर, पंप बंद कर!"

पुढे दोरी होती. दोरीवरच्या माणसाने मिस्त्रींना छातीवर हात लावून थांबवलं. "आजोबा, इथून पुढे नाही."

"त्याच्यात पाणी नाही हो."

"इथून पुढे नाही."

गाडी रेषेवर पुन्हा थोडा वेळ उभी राहिली. इतक्या इंजिनांच्या आवाजात एका छोट्या पंपाचा आवाज कुणाला येणार? पण मिस्त्रींना तो ऐकू येत होता, किंवा येतो आहे असं वाटत होतं. कोरडा पंप आधी किरकिरतो, मग किंचाळतो, मग गप्प होतो. असे पंप पाण्यावरच जगतात, पाण्याशिवाय त्यांचं आतलं घासून जळतं. ते दोरी धरून उभे राहिले. हातातला बर्फ वितळून सदऱ्याच्या बाहीत शिरत होता.

गाडी निघाली ती चांगली निघाली. अर्ध्यावर कॉम्प्युटरने ताकद कापली. दूरवरूनही कळलं, आवाज एकदम पोकळ झाला. शेजारची गाडी पुढे निघून गेली.

भोवरा परत आला तेव्हा त्याने हेल्मेट काढलं नव्हतं. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. जळक्या तारेचा वास आला.

"पंप गेला?" हेल्मेटच्या आतून आवाज आला.

"गेला."

 शर्यत हरल्याचं दुःख दोघांनाही अजून झालं नव्हतं. दोघांच्याही डोळ्यांसमोर वरची खिडकी होती. मॅनेजर येऊन म्हणाला, "गाडी चांगली आहे. पुढच्या वर्षी ये." मिस्त्रींनी त्याला हात जोडले. पुढचं वर्ष हे शब्द त्यांना परक्या मुलखातले वाटले.

घरी आले तेव्हा काकू खाली वर्कशॉपच्या फरशीवर चटई टाकून पडल्या होत्या. शिंपीणबाई ओल्या कापडाने त्यांचे पाय पुसत होत्या. चेहरा कथलासारखा झाला होता.

"वर जीव घाबरला त्यांचा," शिंपीणबाई हळूच म्हणाल्या. "मी आणि माझ्या नवऱ्याने उचलून खाली आणलं. डॉक्टर येऊन गेले, सुई देऊन गेले."

काकूंनी डोळे उघडले. "काय रे भोवऱ्या? फिरलास की पडलास?"

"पडलो आई."

"बरं झालं. भोवरा पडला की घरी तरी राहतो." मग धाप लागली. ती बसेपर्यंत तिघंही त्यांच्याकडे बघत राहिले. जरा वेळाने त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "पंप लावणार ना आता?"

मिस्त्री म्हणाले, "लावतो हं. उद्या लावतो."

काकूंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. इतक्या वर्षांचा संसार, मिस्त्रींचं खोटं त्यांना फटीतूनही ऐकू येई.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी मिस्त्री त्याच्या पायरीवर बसले होते. नवा पंप आणला, बसवला, टबात बर्फ टाकला. खोलीत पुन्हा झुळूक आली. काकूंना वर नेऊन त्याच्यासमोर झोपवलं. पण त्या दिवशी छातीत जे बसलं ते उठलं नाही. ताप येई, उतरे, पुन्हा येई. डॉक्टरांनी आता मिस्त्रींना बाहेर बोलावणं सोडलं, जे बोलायचं ते आतच बोलू लागले. मुलगी सासरहून आली, आईच्या उशाशी बसली, आणि भावाशी बोलली नाही. भोवऱ्याने गाडीवर कापड टाकलं. भोवरा म्हणवणारा तो पोरगा दिवसेंदिवस एकाच खुर्चीत बसू लागला, टबातला बर्फ संपला की आणायचा, संपला की आणायचा.

एकदा काकूंनी मिस्त्रींना जवळ बोलावून विचारलं, "अहो, आकडा किती आहे?"

"कसला आकडा?"

"या हवेचा. तुम्ही दोघं सारखं बघत असता ना."

मिस्त्रींनी गाडीचा तापमापक वर आणून पंख्यासमोर धरला. "अठ्ठावीस."

"छान आहे," काकू म्हणाल्या. "डोंगरावर यापेक्षा काय वेगळं असणार होतं?"

मिस्त्रींनी मान हलवली. काही वेगळं नसतं, म्हणाले.

त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी भर दुपारी मिस्त्रींची बायको, भोवऱ्याची आई, वरच्या खोलीत वारली. पंप तेव्हा चालू होता.