गार्नेट रेषेवर वेळेत पोचला तो दिवस

गार्नेट वोलोचकला बॉल झेलण्यापेक्षा बॉल येण्याआधीची धाव जास्त आवडायची. त्याचं सगळं तिथेच बिघडायचं.

आमच्या कॅनडातल्या फुटबॉलमध्ये झेलणाऱ्याला लांबून धावत यायची मुभा असते. मी वाकून दोन पायांमधून बॉल मागे दिला की त्याच क्षणाला त्याने बॉलजवळची रेष ओलांडायची. आधी ओलांडली तर दंड. गार्नेट अर्धे डोळे मिटून, गव्हाच्या शेतावरून वारा यावा तसा यायचा, आणि बॉल अजून माझ्या हातात असतानाच पलीकडे गेलेला असायचा.

"अरे, कुठे निघालास?" मी वाकल्यावाकल्याच विचारायचो.

"पायांना छान लय लागली होती रे."

पस्तिशी जवळ आली तरी लय छानच लागत होती. नोव्हेंबरातल्या एका रविवारी मात्र आमचा कोच डेलबर्ट कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांसमोर त्याला म्हणाला, "आज एकदा जरी आधी गेलास, तर उद्या सामान आवर. तुझ्या जागी मी माझ्या सासूला उभी करीन."

"त्यांचे गुडघे?"

"तुझ्यापेक्षा बरे आहेत."

सगळे हसले. गार्नेटही हसला, पण बुटाची नाडी त्याने तीनदा सोडून पुन्हा बांधली. दुसरं काही काम त्याला येत नव्हतं, आणि ते तो जाणून होता.

दुपारी माळावरून बर्फ आला. झाडूवाले रेषा झाडायचे आणि मागे वळेपर्यंत त्या पुन्हा पांढऱ्या व्हायच्या. शेवटी रेष ओळखायची खूण एकच उरली: कडेला उभ्या असलेल्या पंचाचे काळे बूट. आता पंचाचे पाय गारठले होते. तो पाय आपटायचा, आणि दर आपटीला जरासा सरकायचा. त्याच्याबरोबर आम्ही सरकलो, समोरचेही सरकले. भांडायला तोंड उघडलं तर बर्फ आत जात होता. आमच्या संघाचा रंग हिरवा, म्हणून प्रेक्षकांनी नेहमीसारखी कलिंगडं पोखरून टोपीसारखी डोक्यावर घातली होती. खाली माणसं दिसत नव्हती, नुसती हिरवी कलिंगडं हवेत तरंगत होती.

शेवटचा डाव, आणि आम्ही थोडक्यात मागे होतो. मी बॉल मागे दिला आणि त्याच क्षणी गार्नेटचा पाय त्या बुटांच्या शेजारून पुढे पडला. इतकं सुंदर मी कधी पाहिलं नव्हतं. बॉल फेकणाऱ्या आमच्या लिंडनने होता नव्हता तेवढा जोर लावून बॉल फेकला. बॉल पांढऱ्यात गेला, गार्नेट पांढऱ्यात गेला. मग दोघंही आलेच नाहीत.

कोच, मी आणि पंच पावलांचे ठसे बघत निघालो. ठसे मैदानाच्या टोकाला पोचले, बर्फ काढणाऱ्या गाडीसाठी उघड्या ठेवलेल्या फाटकातून बाहेर पडले आणि पार्किंगमध्ये एका ट्रकपाशी थांबले. तिथे डोक्यावर कलिंगड घातलेली एक बाई पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, तळत होती. गार्नेटच्या काखेत बॉल होता आणि हातात ताटली.

"झेलला," तो म्हणाला.

"मैदान संपलेलं कळलं नाही तुला?" कोच म्हणाला.

"ट्रक आला तेव्हा जरा शंका आली."

"बाहेर झेललाय. धरला जाणार नाही," पंच म्हणाला. म्हणजे आम्ही हरलो होतो.

गार्नेटने ताटली खाली ठेवली आणि हेल्मेट काढलं. "सामान आवरतो मग."

कोच पंचाकडे वळला. "हा आधी गेला होता का?"

पंचाने आपल्या बुटांकडे पाहिलं. "नाही. अगदी वेळेवर."

बाईने कोचच्याही हातात ताटली दिली, वर आंबट साय घातली. त्याने एक पिरोगी खाल्ली, दुसरी खाल्ली.

"उद्या सराव दहाला आहे," तो ताटलीत बघत म्हणाला. "उशीर नको."

"बरं," गार्नेट म्हणाला.

पण पार्किंगच्या पलीकडे सगळा माळ पांढरा पसरला होता, कुठे एकही रेष नव्हती, आणि त्याच्या टाचा हळूच उचलल्या जात होत्या. मी मागून त्याची जर्सी धरून ठेवली.